वाचनालयातल्या बाईंविरुद्ध अर्ज

दाताच्या दवाखान्यात माझा नंबर नववा होता. शेजारच्या बाकावर एक निवृत्त साहेब आपल्या वहिनींना एक अर्ज दाखवत होते.

"वाचनालयातल्या त्या बाईला काढून टाका, असं सरळ लिहिलंय. दिवसभर नुसती खुर्ची उबवते!"

"असं कसं, भावजी? परवा तुमचा चष्मा कोणी शोधून दिला?"

"तिनेच. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात होता. चष्मे शोधायला वेळ आहे, म्हणजे काम नाही!"

"आणि नातीच्या प्रवेशाचा फॉर्म?"

"तोही तिनेच भरला. पुस्तकं सोडून नसते उद्योग! शिवाय पुस्तकं खराब करते. सतराव्या पानावर पेन्सिलीने ठिपके काढते. रंगेहाथ पकडली मी तिला."

"ठिपके कशाला?"

"म्हणे मी वाचलेलं विसरतो आणि तेच पुस्तक पुन्हा घरी नेतो. म्हणून मी वाचलं की माझा ठिपका. समोरच्या आजींची फुली."

"विसरता खरे तुम्ही."

"मी? कधी?"

"जाऊ दे. अर्ज मात्र झकास झालाय हो. अक्षर तुमचं नाही वाटत."

"माझा हात थरथरतो ना. तिच्याकडूनच लिहून घेतला. दोन ठिकाणी मी फार मवाळ बोललो होतो, तिथे तिने कडक शब्द सुचवले."

"आणि खाली कोपऱ्यात हे पेन्सिलीचे तीन ठिपके?"

"बघू... हे तर माझेच."

"म्हणजे हाच अर्ज तुम्ही आधी तीनदा दिलाय, भावजी."

"तीनदा? आणि तरी ती अजून तिथेच? बघा वहिनी, हा असा कारभार!"