दाढ त्यांची, सोबत माझी

...नाही, मी म्हणते, माणसानं घाबरावं, पण दाढेला? तुम्हाला सांगते, आमचे हे अग्निशमन दलात. पेटलेल्या इमारतीला शिडी लावून चढतात, लोकांना खांद्यावर टाकून उतरवतात, आणि दातांच्या डॉक्टरची नुसती पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर! आग विझवणारा माणूस हो हा!

शेवटी गाल असा सुजला की डोळा मिटायला लागला, प्यायलेलं पाणी ओठांतून ओघळायला लागलं, तेव्हा मात्र मी यांचा हात धरला. नेलं ओढत. डॉक्टरीणबाई म्हणजे एवढीशी पोरगी! तिनं औषधं देऊन सूज उतरवली आणि म्हणाली, "काका, दाढ काढायलाच हवी. पुन्हा पू झाला तर थेट हॉस्पिटल."

यांनी तोंड मिटलं. घट्ट.

"भीती पुष्कळांना वाटते काका. नाकावर मास्क लावून गॅस देऊ? जागे राहाल, पण हलकं हलकं वाटेल."

"मास्क नको. मास्क लावला की मला आगीत शिरावंसं वाटतं."

"मग गोळी? तासभर आधी घ्यायची, गुंगी येते."

"आणि गुंगीत तुम्हाला चावलो तर?"

"मग शिरेतून औषध. भूलतज्ज्ञ येतील, तुम्ही अर्धवट झोपेत असाल, नंतर फारसं काही आठवणार नाही. फक्त घरी न्यायला कुणीतरी सोबत हवं."

"आणि मी अजिबात नसेन, असं काही?"

"नसेन म्हणजे?"

"म्हणजे दाढ इथे, मी घरी."

आग विझवणारा माणूस हो हा! ती पोरगी हसलीसुद्धा नाही. शेवटी ठरलं शिरेतलं. हात पुढे करून म्हणतात कसे, "हात घ्या. तोंड मागू नका."

ठरल्या दिवशी मला दाराशी स्टुलावर बसवलं. औषध चढलं, मान कलली, मी म्हटलं, सुटले... तर कसचं काय! डॉक्टरीणबाईचं मनगट धरून हे ओरडले, "बाई, घाबरू नका! मी आलोय! माझ्या गळ्यात हात घाला!"

मी बायको. स्टुलावर. काय करू? छताकडे बघितलं.

ती पोरगी शांतपणे म्हणाली, "घालते हं काका. आधी तोंड उघडा, धूर बाहेर जाऊ दे."

आणि उघडलं की हो! गुहेएवढं! एवढी वर्षं मी विनवतेय! हिरडीत भुलीचं इंजेक्शन झालं, दाढ निघाली, टाके पडले, आणि बाहेर वाट बघणारे दोघं 'धूर' ऐकून जिन्यानं खाली पळाले ते परत आलेच नाहीत.

जाग आल्यावर यांचा पहिला प्रश्न, "सुरू कधी करणार?" तिनं ताटलीतली दाढ दाखवली. झालं! छाती फुगली. "बघितलंस? उगाच बाऊ करत होतीस!" मी! मी बाऊ करत होते! आता सगळ्या फायर स्टेशनभर सांगतात, त्यात काही नसतं म्हणून. आठवतच नाही, तर असणार काय?

आणि पलीकडची दाढही किडलीय. पुढच्या आठवड्यात. मी डॉक्टरीणबाईला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं जमलं हो. सोबत येणाऱ्यासाठी काय आहे तुमच्याकडे?"

म्हणाली, "बाहेर प्यायचं पाणी आहे काकू."