गोंगाटातली हाक

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलेल्या सुतारकाकांच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं. लेक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची कप्तान. गुडघ्याला जाड पट्टा.

“म्हणजे खेळ संपलाच?”

“संपला, आई.”

“चार वर्षांत एकदाच आले गं बघायला! आणि भान विसरून हाक मारली. वळलीस ना माझ्याकडे? म्हणूनच पडलीस.”

“छे गं! त्या गोंगाटात ऐकू कुणाला येतंय? तू आल्याचंही ठाऊक नव्हतं मला.”

“माझी शपथ?”

“तुझी शपथ.”

“तरी मी पुन्हा त्या मैदानाची पायरी चढायची नाही.”

“चढायची. आता मी पोरींना शिकवणार आहे, तू यायचंच. फक्त परत हाक मारायला खुर्चीवर उभी राहू नकोस. पडशील.”