दारातून काढलेला नकाशा

(रविवारची दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं.)

वहिनी : ...आणि हे "रात्री जागून काढल्या" ते कोणी?

नणंद : वहिनी, मी तुला इंग्रजी तपासायला सांगितलं होतं.

वहिनी : इंग्रजी छान आहे. इंग्रजीला काहीही झालेलं नाही. मी विचारतेय, जागलं कोण?

नणंद : ते एकंदर आपल्या घराबद्दल आहे.

वहिनी : घर जागत नाही गं, माऊ. घर घोरत असतं. तुझा दादा त्यात पहिला.

नणंद : झालं. सुरू झालीस.

वहिनी : मी कुठे सुरू झाले? वाचतेय. तूच म्हणालीस ना, वहिनी, विम्याच्या ऑफिसात तू दिवसभर लोकांचे अर्ज वाचतेस, परदेशी कॉलेजला पाठवायचा माझा निबंध एकदा बघ, तुला बरोबर कळतं. तर कळतंय मला. "आईला पक्षाघात झाला त्या दिवसापासून मीच तिचे हात आणि मीच तिचे पाय झाले." वा! मग मी कोण झाले, चपला?

नणंद : अगं, परदेशी प्रवेशाचं बघतो त्या काउन्सेलरनं तसंच सांगितलंय. पहिल्याच परिच्छेदात वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे म्हणाला.

वहिनी : कालवलं.

नणंद : टोमणे नको ना मारूस. आजच पाठवायचाय हा. मला कधीपासून एक ओळ सुचत नव्हती. माझ्या आयुष्यात घडलंय काय असं? शाळा, कॉलेज, मग त्या ऑफिसात बसून लोकांच्या स्वयंपाकघरातले कप्पे काढायचे. म्हणे आर्किटेक्ट! काही घडलं असेल तर ते आईचं आजारपण. आपल्याच घरात घडलं ना ते?

वहिनी : घरात घडलं. माझ्या अंगावर घडलं.

नणंद : म्हणजे मला काहीच झालं नाही? माझी आई आहे ती.

वहिनी : झालं ना. मी कुठे नाही म्हणतेय. आईंना कूस बदलून देताना तू दारात उभी राहून रडायचीस. मग त्यांना झोपवायचं आणि येऊन तुला पाणी द्यायचं. दोन्ही मीच करत होते, म्हणून चांगलं लक्षात आहे.

नणंद : तू चिडलीयस.

वहिनी : नाही गं. चिडायलाही अंगात जीव लागतो. ते उशांचे अभ्रे दे इकडे. बोलता बोलता घड्या होतील.

नणंद : मग मी काय लिहू? "वहिनीनं सगळं केलं आणि मी बघत होते"? मला कोण घेईल? तुलाच बोलावतील.

वहिनी : बोलावू देत. लगेच निघते. दिवसभरात "अगं ए" म्हणून कुणी हाक मारणार नाही, अशी कुठलीही जागा चालेल मला. शिकवतील तेही शिकेन.

नणंद : हसवू नकोस, मी टेन्शनमध्ये आहे. पुढे वाच.

वहिनी : वाचते. "मी आर्किटेक्ट असल्यामुळे आमच्या बाथरूमची रचना बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कमोडशेजारी आधाराची स्टीलची दांडी बसवली. त्या दिवशी आई पहिल्यांदा स्वतःच्या बळावर उठून उभी राहिली, आणि आजारी माणसांसाठी घरं रचायचा माझा मार्ग मला सापडला."

नणंद : का थांबलीस? हे तरी माझं आहे. ड्रिल आणून स्वतःच्या हातानं केलंय मी.

वहिनी : हो, केलंस.

नणंद : मग?

वहिनी : काही नाही. ठेव हे.

नणंद : वहिनी, तुझं "काही नाही" मला चांगलं माहीत आहे. तू "काही नाही" म्हणालीस की दादा उगाच चक्कर मारून येतो म्हणून सटकतो. बोल ना.

वहिनी : त्या दांडीवर आत्ता काय आहे?

नणंद : काय असणार? टॉवेल.

वहिनी : आणि काल?

नणंद : टॉवेलच असतो. आई उठताना काढत असाल ना तुम्ही.

वहिनी : आईंची कुठली बाजू गेलीय?

नणंद : उजवी. म्हणून तर दांडी डाव्या हाताला लावली. हे बघ, दार इथे. दारातून समोर कमोड. त्याच्या डावीकडे भिंत, भिंतीला दांडी. आता आई बसली की तिचं तोंड इकडे, दाराकडे...

वहिनी : हं.

नणंद : थांब. तोंड दाराकडे.

वहिनी : हो. भिंतीकडे तोंड करून बसत नाही कुणी.

नणंद : वहिनी, दांडी तिच्या उजवीकडे आहे.

वहिनी : दारातून बघितलं तर डावीकडे. बसणाऱ्याच्या उजवीकडे.

नणंद : इतके दिवस? आणि कुणी मला सांगितलं नाही?

वहिनी : काय सांगणार? तुझ्या केसांत ती सिमेंटची धूळ, बोट कापून घेतलेलं, घरभर ड्रिलचा आवाज. आणि आई खाटेवर पडून अर्ध्या तोंडानं हसत होत्या, लेक आपल्यासाठी करतेय म्हणून. संध्याकाळी नेलं त्यांना. त्यांनी दांडीकडे बघितलं, आपल्या लुळ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, चला, टॉवेलची सोय झाली. तर अशा हसत सुटल्या की मला त्यांना घट्ट धरून ठेवावं लागलं. नाहीतर दोघी खाली.

नणंद : आई हसली?

वहिनी : डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ओठांवर बोट ठेवलं. तुला सांगायचं नाही म्हणून.

नणंद : मग तिला उठवतं कोण?

वहिनी : हे काय विचारणं झालं? काखेत हात घालून मीच. मी ऑफिसात असले की दिवसाच्या बाई.

नणंद : म्हणून तुझा तो कंबरेचा पट्टा...

वहिनी : मग काय मिरवायला बांधते? ए, रडू नकोस. आणि त्या अभ्र्याला नाक पुसू नकोस, आत्ताच धुतलाय.

नणंद : लाज वाटतेय गं. आजारी माणसांची घरं शिकायला निघालेय मी. आणि घरात ही तऱ्हा.

वहिनी : तू दारात उभी राहून नकाशा काढलास. दारातून तसंच दिसतं. आत आली असतीस तर दिसलं असतं दुसरं. त्यात एवढं काय?

नणंद : काय म्हणालीस? परत म्हण.

वहिनी : कशाला? चिडायला?

नणंद : दे तो लॅपटॉप इकडे. पहिला परिच्छेद गेला. हातपाय गेले, जागरणं गेली.

वहिनी : अगं, सगळं पुसू नकोस! पाठवायचंय ना आज?

नणंद : बोलू नकोस जरा. "मी आर्किटेक्ट आहे. माझ्या आईसाठी मी आधाराची दांडी बसवली. ती चुकीच्या बाजूला बसली, आणि हे मला आज कळलं, कारण आईला उठवायला मी कधी आत गेले नाही. तिला माझी वहिनी उठवते. वहिनी विमा कंपनीत नोकरी करते आणि कंबरेला पट्टा बांधते. त्या दांडीवर आम्ही टॉवेल वाळत घालतो."

वहिनी : असलं लिहिलेलं चालतं तिकडे?

नणंद : माहीत नाही. "मी तो नकाशा दारातून काढला होता. मला आतून काढायला शिकायचंय."

वहिनी : ते पट्ट्याचं काढ. सगळ्या जगाला कशाला माझी कंबर?

नणंद : राहू दे ना.

वहिनी : बरं, राहू दे. ...परत वाच ना तेवढं. "वहिनी"पासून.

नणंद : "तिला माझी वहिनी उठवते. वहिनी विमा कंपनीत नोकरी करते आणि कंबरेला पट्टा बांधते."

वहिनी : हं. असं कुणी लिहिलं नव्हतं कधी. म्हणजे कोण कशाला लिहील म्हणा. पुढे चल.

नणंद : मधलं मार्कांचं आणि सॉफ्टवेअरचं आहे, ते तसंच ठेवते. शेवटचा परिच्छेद बघ, की पाठवते.

वहिनी : "शिक्षण पूर्ण करून मी मायदेशी परत येईन, आणि माझ्या आईसारख्या असंख्य..."

नणंद : ते सगळेच लिहितात गं.

वहिनी : सगळ्यांचं सोड. तू येणारेस?

नणंद : वहिनी...

वहिनी : सहज विचारतेय.

नणंद : आधी प्रवेश तर मिळू दे.

वहिनी : मिळेल. मिळाला असं धर. मग?

नणंद : मग तिकडे नोकरी बघेन. लागली तर... नाही. नाही येणार मी. ऑफिसातून घरी येताना मी कोपऱ्यावर उभी राहते, माहितेय तुला? उगाच. दार उघडलं की त्या खोलीचा वास येतो, औषधांचा, ओल्या चादरींचा, आणि मला वाटतं आता हे असंच. बोलू नये असं. तू तर दिवसरात्र त्यातच असतेस.

वहिनी : बोल. बोललं की बरं वाटतं म्हणतात.

नणंद : आता चिडलीस.

वहिनी : नाही गं. मीच मनाशी धरून चालले होते. तू दोन वर्षं जाशील, मग येशील, मग आपण दोघी मिळून करू. एक दिवस तू, एक दिवस मी. तुला कधी बोलले नव्हते, त्यामुळे तुझी काही चूक नाही.

नणंद : दादाला सांगून रात्रीची बाई ठेवा ना.

वहिनी : बघू. सांगेन त्याला.

नणंद : हे परत येण्याचं वाक्य ठेवू का मग?

वहिनी : तुझा काउन्सेलर काय म्हणेल?

नणंद : ठेव म्हणेल. त्यांना आवडतं.

वहिनी : आणि तू?

नणंद : वर ते सगळं लिहिल्यावर खाली हे... बसत नाहीये.

वहिनी : नाही बसत. चिकटवल्यासारखं दिसतंय.

नणंद : मग काढते. ...काढलं, वहिनी.

वहिनी : बघू. हं. चांगला झालाय आता निबंध. पाठव.