पांढऱ्या ओढणीचे फोटो

मी कारंज्याचा, भाऊ, जन्म इथलाच, जिनिंगच्या मागच्या गल्लीत वाढलो, कापसाच्या दिवसांत आमच्या घरी चहाच्या कपावरही रूई तरंगे. आता अशा गावात मानसानं कोनताही धंदा करावा, पन कॅमेऱ्याचा करू नये. मी थोच केला. अन् फोटोवाला असून माझ्याच निकाहाच्या फोटोत माझं अर्धं डोकं कापलेलं, कारन कॅमेरा साळ्याच्या हाती दिला होता. शमीम, माझी बायको, अजून म्हनते, बरं झालं, अर्ध्यातच समजलं काय पदरात पडलं ते.

शमीमचे अब्बा घडीवाले, घड्याळं दुरुस्त करत. पोराचा, म्हनजे याच साळ्याचा, हात धसमुसळा, म्हनून दुकानात पोरीले बाजूले बसवत. घडीत फुंकर मारायची नाही, थुंकी जाते, रबरी फुग्यानं हवा द्यायची, चिमटा लावताना श्वास रोखायचा, हे सारं तिले त्याईनं शिकवलं. मी डिजिटल कॅमेरा आनला तं लेन्स बदलता बदलता आत धूळ गेली, सेन्सर म्हनून जी काच असते, जिच्यावर फोटो उमटते, तिच्यावर बसली, अन् हरेक फोटोत आभाळात एकाच जागी काळा ठिपका. मी काय केलं असन? फुंकर मारायले तोंड जवळ नेलं. तिनं माझं तोंडच धरलं. म्हने, द्या इकडं, अब्बाच्या दुकानात असते तं हाकललं असतं तुमाले.

तवापासून थे काम तिचं. न्हानीत गरम पान्याची बादली ओतायची, वाफेनं हवेतली धूळ खाली बसू द्यायची, मंगच कॅमेरा उघडायचा. बॅटरी पुरी भरलेली पाह्यजे, मधातच गेली तं आतला पडदा येऊन साफ करायच्या काडीवर पडते. पह्यले कॅमेऱ्याचं तोंड खाली करून फुग्यानं हवा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागे. नाही भागलं तं टोकाले कापड लावलेली चपटी काडी, तिच्यावर औषधाचा थेंब, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदाच, दाबायचं नाही, घासायचं तं नाहीच नाही. तिचा हात असा जाये जसं दुधावरची साय उचलून राह्यली.

मंग आमी गच्चीवर जाऊ. ती पांढरी ओढनी दोन्ही हातांनी ताठ धरून उभी राहे, मी तिचा फोटो काढू, ओढनीचा म्हनतो मी, शमीमचा नाही. कोऱ्या पांढऱ्यावर कन असला का लगेच दिसते. फोटो पाह्यला का मिटवला. अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या मी काढल्या, भाऊ, पन शमीमचा धड एक फोटो नाही माझ्याजवळ, समोर कॅमेरा आला का म्हने, माझं काय पाहता, ज्याईचं लग्न आहे त्याईचं पाहा.

मागच्या हिवाळ्यात तिले लकवा मारला. उजवी बाजू. बोलनं परत आलं, टोमने तं सगळ्यात पह्यले आले, पन हात नाही आला. वर जात नाही, अन् हलते. चहा देते तं बशी वाजते. ती वाजली का आमी दोघंही दुसरंच काहीतरी बोलू लागतो.

अन् यंदा रिठद गावचं लग्न. मंगलाष्टकं संपत आली, नवरीचा मामा म्हने, ओ फोटोवाले, जवळून घ्या ना, डोळ्यातलं पानी दिसू द्या पोरीचं. लेन्स मांडवात बदलू नये, हे मले काय माहीत नाही? पन बदलली, अन् वरून अक्षता आल्या. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या, हळद-कुंकवात घोळलेल्या. दाने खाली पडले, रंगाची भुकटी आत गेली. घरी येऊन फुग्यानं किती हवा दिली, हालेच ना. मंग काडीच लावा लागते. कॅमेरा माझ्याजवळ हा एकच, काचेवर ओरखडा पडला का माझा धंदा बसला.

मी न्हानीत बादली ओतली, मागं पाहतो तं ती भिंत धरून उभी. म्हने, द्या. मी म्हनलं राहू दे. म्हने, काहून? आता काय सांगू तुमाले, नाही म्हनावं तं ती मोडते, हो म्हनावं तं कॅमेरा जाते. मी दिला. ती स्टुलावर बसली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला, अन् काडी काचेपर्यंत नेली. काडी थरथरून राह्यली होती. टेकवली नाही तिनं. तशीच धरून राह्यली, औषध वाळलं. मंग म्हने, नवी काडी घ्या, तुमीच करा, अब्बानं आता मलेही हाकललं असतं.

मी केलं. पन श्वास तिनं रोखला, अन् माझा सुटला का मांडीवर चापट.

गच्चीवर मी ओढनी तारेले बांधू लागलो, तं म्हने, द्या इकडं. मी म्हनलं घे, ओढनी हलली तरी चालते, हलल्यानं उलट कपड्यावरचा डाग पुसट होते अन् कॅमेऱ्यातला कन जागेवरच राहते. खरंच तसं असते, भाऊ, तिचं मन राखायले नाही म्हनलं. ती म्हने, चला, हलत्या हाताले कारंज्यात एक काम तं उरलं.

फोटो पाह्यला. कोपऱ्यात एक ठिपका होताच. मी म्हनलं साफ झाला. म्हने, दाखवा. पाहून म्हने, वर डाव्या कोपऱ्यात आहे ना अजून. मी म्हनलं पुन्हा करू का? राहू द्या, म्हने, आभाळ कमी घेत जा.

आता आभाळ कमीच घेतो. डाक्टर म्हनते, हात आता एवढाच. थो फोटो ती म्हने मिटवा, मी मिटवला नाही. ओढनी उजव्या हाताकडून खाली आलेली, अन् तिच्यावरून शमीमचं अर्धं डोकं दिसते, धुक्यात असल्यासारखं, एक डोळा, कपाळ, अन् वर थो ठिपका. साळ्यानं माझा काढला होता तसाच मी तिचा काढला. अल्ला तुमचे हात जाग्यावर ठेवो, भाऊ. चहा घ्या, तिनं ठेवला आहे. बशी वाजन, तिकडं पाहू नका.