आप्पांचं ओझं

आदरणीय अध्यक्ष विक्रांतराव, व्यासपीठावरचे मान्यवर, उन्मेषच्या चर्चमधून आवर्जून आलेली मंडळी आणि सिंगापूरच्या या बुकित बातोक भागातल्या माझ्या बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मला 'श्रद्धा आणि कृती' यावर बोला असं सांगितलंय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई, श्रद्धेतलं मला काय कळतं? त्यात आज माझं डोकं ठिकाणावर नाही. का, ते ओघात सांगतेच.

आज ज्याचा सत्कार आहे तो उन्मेष साळवे आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो, विद्यापीठात पोस्टडॉक करतो. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आप्पा उठायलाच तयार नाहीत. मी आणि माझा नवरा प्रणव दिवसभर ऑफिसात. हा रोज लॅबला जायच्या आधी यायचा आणि त्यांना धरून खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चालवायचा. एकदा मी विचारलं, "अरे, का एवढं करतोस?" तर शांतपणे म्हणाला, "ताई, मला आप्पांचं ओझं आहे."

आता सांगा, काय वाटेल? माझा पारा चढला. म्हटलं, "ओझं होत असेल तर येऊ नकोस बाबा, आम्ही बाई ठेवू." तो बिचारा कावराबावरा. शेवटी त्यांच्या चर्चच्या मीनलताईंनी, या इथेच बसल्यात, उलगडा केला. त्यांच्या बोलण्यात ओझं म्हणजे देवाने मनावर घातलेली दुसऱ्याची काळजी. "नुसती प्रार्थना करून भागत नाही, साधनाताई. ज्याचं ओझं, त्याच्या दारात जावं लागतं." भाषा मराठीच, आणि मला दुभाष्या लागला!

तरी मनात शंका होतीच, खोटं कशाला बोलू? हा आप्पांना ख्रिस्ती तर करणार नाही ना? पण आप्पांची संध्या उरकेपर्यंत हा दाराशी त्यांच्या चपला घेऊन उभा असायचा. मग काय समजायचं माणसाने?

आता हा पोस्टडॉक सोडून श्रीरामपूरजवळच्या निराधार वृद्धांच्या आश्रमात कामाला चाललाय. प्रणवने त्याला समजावून पाहिलं. तर म्हणतो, "दादा, अर्धं मन लॅबमध्ये आणि अर्धं तिकडे, असं मला नाही जमत."

इथवर ठीक होतं. पण काल जेवताना आप्पा म्हणाले, "मीही जातोय. तिथे कुणी उठत नसेल, तर मी उठवीन." तिकीटसुद्धा त्यांनी आमच्या लेकीकडून, श्रियाकडून, परस्पर काढून घेतलंय. प्रणव ताटावरून उठला. मी विचारलं, "आप्पा, आमचं काही चुकलं का?" म्हणाले, "नाही गं. तुम्ही मला छान सांभाळलंत. आता मलाही कुणाला तरी सांभाळू दे."

मंडळी, रागवावं, रडावं की अभिमान वाटून घ्यावा, मला खरंच कळत नाहीये. उन्मेषवर चिडायला जाते, तर हात जोडावेसे वाटतात.

मला बोलू दिलंत, मंडळाची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि विक्रांतराव, सत्काराची शाल एकच आणलीये ना? आणखी एक लागेल. आप्पा पहिल्याच रांगेत बसलेत.