झाडून ठेवलेली गल्ली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष महोदय. एवढ्या धुळीतून आणि एवढ्या वळणांवरून आपल्यासाठी आलेले मदत खात्याचे मोठे साहेब. ज्यांना आज आपण जड अंतःकरणाने निरोप देत आहोत (हे 'जड अंतःकरणाने' बायकोने लिहून दिलंय, पण खरं आहे) त्या आपल्या मदत केंद्राच्या प्रमुख, सत्कारमूर्ती मॅडम. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो! तुमच्यापैकी निम्म्यांना मी गाडी चालवायला शिकवलंय, आणि उरलेल्यांनी माझ्या गाडीला कधी ना कधी ठोकलंय. सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. सूत्रसंचालनही माझ्याकडेच असल्यामुळे ती कोण मोजणार, हा प्रश्नच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शेजारी बसून दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसायचं, हा माझा धंदा. त्यामुळे पाय कायम ब्रेकवर. आत्ताही या टेबलाखाली मी काहीतरी दाबून धरलंय, बहुतेक माइकची वायर असावी. आवाज गेला तर सांगा. जीव थाऱ्यावर नाही माझा. का नाही, तेही सांगणार आहे, पण आधी मॅडमबद्दल बोलू द्या. त्यासाठीच तर जमलोय ना?

गेल्या उन्हाळ्यात डोंगरावरचा वणवा खाली उतरला, तेव्हा आपण सगळे याच बॅडमिंटन हॉलमध्ये येऊन पडलो होतो. आठवतंय? जमिनीवर या रेघा आहेत ना, त्या रेघांनी आपण घरं वाटून घेतली होती. नेटच्या अलीकडे माझं कुटुंब, पलीकडे गॅरेजवाला. तो घोरायला लागला की मी म्हणायचो, "अरे, शटल तुझ्या बाजूला टाकलंय, तिकडेच ठेव." हसलात, बरं वाटलं. तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मग एक दिवस ही बाई आली. बरोबर दोन घडीची टेबलं, एक प्रिंटर आणि एक पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'इथे कोणत्याही मदतीसाठी पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर मला सांगा.' ती पाटी लागली आणि बाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारे दोन सद्गृहस्थ दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले. त्यांना मी रिव्हर्स शिकवला नव्हता, तरी चांगला जमला.

आपल्याला वाटलं होतं, मदत म्हणजे एक चेक. एका हाताने द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, फोटो काढायचा. मॅडमनी सांगितलं, तसं नसतं. राहायला जागा नाही त्याला भाड्याची मदत वेगळी. अवजारं जळाली त्याला धंदा उभा करायची मदत वेगळी. बँकेच्या हप्त्याला मुदत मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. कागदपत्रं जळाली असली तर आधी ती पुन्हा काढायची, मग बाकीचं. आणि ज्याला रात्री झोप लागत नाही, पानं जाळल्याचा वास आला तरी जो दारात येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी गुरुवारी एक डॉक्टरीणबाई येतात. पहिल्या गुरुवारी त्यांच्याकडे कोणीच गेलं नाही. मग मॅडम स्वतः जाऊन बसल्या, दार उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असं. पुढच्या गुरुवारी रांग लागली. मीही होतो रांगेत. आज पहिल्यांदाच सांगतोय, बायको समोर बसलीय तरी.

आणि मॅडमची ती पद्धत! माझ्याकडे काय काय जळालं विचारलं, तर मी म्हणालो, "एक गाडी आणि ऑफिस." त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. दारातून आत या. डावीकडे काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, बाकडं." "बाकड्यावर?" "गाद्या." "वर भिंतीवर?" "रहदारीच्या खुणांचे तक्ते." असं करत त्यांनी मला माझ्याच ऑफिसातून फिरवून आणलं. मी बाहेर आलो तेव्हा रडत होतो, आणि अर्ज पूर्ण झाला होता. तेव्हापासून गावात यांचं नाव 'डावीकडेबाई' पडलं. मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं? आता कळलं. आता जातच आहात, रागवा हवं तर.

साहेब घड्याळ बघतायत. साहेब, बसा, चहा येतोय. मागे कोणीतरी ती खिडकी लावा हो, पत्रा वाजतोय. वारा सुटला की आपलं कोणाचंच लक्ष भाषणात राहत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या गल्लीची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत आहे. साहेबांना नाही.

आमच्या गल्लीत आग आली ती अर्धवट आली. घरं उभी राहिली, पण ठिणग्या कौलांखाली शिरल्या. कोणाची आतली लाकडं जळाली, कोणाच्या मागच्या खोल्या. चार दिवसांनी निरोप आला, पाहणी करायला सरकारी माणसं येणार. आता आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, ह्या दुसऱ्या रांगेत बसल्यात, निळी साडी. वहिनी, मान खाली घालू नका. त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना म्हणाल्या, "अगं, माणसं येणार घरी. अशा घरात बसवायचं का त्यांना?"

झालं! गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून कामाला लागल्या. राख भरून नेली. काळे पडलेले पडदे, गाद्या, मोडकी कपाटं, सगळं ओढून नेऊन टाकलं. फरशा घासल्या. वहिनींनी तर स्वतःच्या घरात छताच्या जळक्या फळ्या काढून नव्या ठोकून घेतल्या आणि वरून पांढरा रंग मारला. पाहणी करणारे आले, त्यांना खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. ते म्हणाले, "वा, किती स्वच्छ!" आणि जाऊन कागदावर लिहिलं, 'घरे राहण्यायोग्य. किरकोळ नुकसान.'

साहेब, सांगा मला, दुसऱ्या कोणत्या गावात लोकांनी आपलं नुकसान झाडून काढलं असेल? पाहुणा येणार म्हणून!

सगळ्या गल्लीची घरबांधणीची मदत नाकारली गेली. गल्लीने वहिनींना एका शब्दाने बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या आपल्या आपणच कोमेजत गेल्या.

मॅडम तेव्हा चिडल्या, पण आमच्यावर नाही. दुसरी पाहणी मागायचा हक्क असतो, असं त्यांनी सांगितलं. मग एकेका घरातून फिरल्या. गाद्या जिथे टाकल्या होत्या, त्या ढिगात गेल्या. फोटो काढले. शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहून दिलं, की हो, हे आम्ही जळताना पाहिलंय. एकेक करून गल्लीतल्या घरांची दुसरी पाहणी झाली आणि मदत मंजूर झाली. आता तिथे विटा पडल्यात, सिमेंट येतंय. मॅडम, त्यासाठी टाळ्या. जोरात!

एक घर राहिलं. वहिनींचं. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "आधी सगळ्यांचं होऊ दे, माझ्यामुळे अडलं ना त्यांचं." सगळ्यांचं झालं, तरी अर्ज करेनात. शेवटी गेल्या आठवड्यात दादाने सही केली आणि मॅडमनी दुसरी पाहणी मंजूर केली. ती पाहणी आज आहे. आत्ता आहे. आपण इथे बसलोय तेव्हा इंजिनिअर दादाच्या घरी आहे.

आता कळलं ना मी का चुळबुळतोय? समारंभाच्या शेवटी मॅडम केंद्राची किल्ली साहेबांकडे देणार. किल्ली दिली की केंद्र बंद. मग उरलेले अर्ज शहरात जाणार, आणि तिथे सगळं पहिल्यापासून. इंजिनिअरचा शेरा मॅडमच्या हातात त्याआधी यायला हवा. म्हणून, मान्य करतो, मी भाषण लांबवतोय. मॅडमना हे माहीत नव्हतं. त्या आता माझ्याकडे कशा बघतायत, तुम्हीही बघा. आणि मी थांबणार नाही. दिवाबत्ती होईपर्यंत बोलेन, रस्त्यावरच्या खुणा एकेक करून समजावून सांगेन.

चेष्टा बाजूला ठेवतो. त्या पांढऱ्या फळ्यांच्या वर काय आहे ते मला माहीत आहे. आग विझवायला मीच चढलो होतो. वासे कोळसा झालेत. आता पुन्हा वारे सुरू झाले, आणि त्या छताखाली माझा भाऊ आणि वहिनी झोपतात. प्रत्येक वाऱ्याला मी उठून बसतो. घाबरतो मी, साहेब. एवढं साधं आहे.

थांबा. माफ करा. फोन बंद ठेवा असं मघाशी मीच तुम्हाला बजावलं, पण हा घ्यावाच लागेल.

बोल दादा. हो, माइकसमोरच आहे. ऐकू दे सगळ्यांना... काय म्हणतोस? इंजिनिअर आलाय ना? मग अडलं कुठे?... वर चढत नाही? का?... अच्छा.

मंडळी, इंजिनिअर म्हणतात, कौलांवर पाय ठेवणार नाही, लाकूड पेलणार नाही. मग लिहा की तसं! तर म्हणे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. चढत नाही कारण मोडकं आहे, आणि मोडकं आहे असं लिहीत नाही कारण चढला नाही. साहेब, हे तुमच्या खात्यात शिकवतात का? बरं, पुढे, दादा?... आतून फळ्या उचकटायच्या. मग उचकटू दे ना! पहार आहे त्यांच्याकडे?... तू हात लावू देत नाहीयेस? अरे दादा!

दादा म्हणतोय, "ते छत तिने केलंय. तिला विचारल्याशिवाय मी एक खिळा काढू देणार नाही."

वहिनी. उभ्या राहता का जरा? नाही? बरं, बसूनच ऐका. दीर म्हणून बोलतो, भाषण म्हणून नाही. तुम्ही ते छत का केलंत, मला कळतं. पांढरं छत बघितलं की वाटतं, काही झालंच नाही. पण झालंय ना, वहिनी. आम्हा सगळ्यांचं झालंय. गॅरेजवाल्याचं झालंय, माझं झालंय. या हॉलमध्ये प्रत्येकाने डोळे मिटून, मॅडमच्या समोर, आपलं जळालेलं घर मोठ्याने सांगितलंय. एकट्या तुम्हीच राहिलात. गल्लीतल्या कोणाच्याही मनात तुमच्याबद्दल काही नाही, विचारा त्यांना. त्या बघा, शिवणवाल्या काकू मान हलवतायत. माणसं येणार म्हणून तुम्ही घर नीट केलंत, यात लाजायचं काय? पण दादा त्या छताखाली उभा आहे आत्ता. तुम्ही हो म्हणाल याची वाट बघत उभा आहे.

काय?... मोठ्याने, वहिनी, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंस का, दादा? नाही? वहिनी म्हणतायत, "मी येते. माझ्या हाताने काढते."

अहो वहिनी, लगेच? चप्पल तरी... गेल्या. आणि काकूही. अहो, तुम्ही सगळ्या कुठे? गल्लीच उठली! खुर्च्या पाडू नका. मॅडम, पुष्पगुच्छ अजून द्यायचाय, तुम्ही तरी... बरं, जा. तुमच्याशिवाय शेरा कोण घेणार? अध्यक्षमहाराज, तुम्हीही? साहेब, किल्ली तेवढी अजून घेऊ नका, हात जोडतो. काय म्हणालात? तुमच्या गाडीत जागा आहे? मग शिवणवाल्या काकूंना घ्या, त्यांचे गुडघे दुखतात. आणि गल्लीच्या तोंडाशी गिअर बदला, चढ आहे.

उरलेल्या मंडळींनो, जेवढे आहात तेवढ्यांचे आभार. हॉल दिला त्या क्रीडा मंडळाचे, चहा करणाऱ्यांचे, खिडकी लावणाऱ्याचे, आणि मॅडमचे, ज्या आत्ता ऐकायला इथे नाहीत आणि असत्या तर मला गप्प बसवलं असतं. मोठ्यांच्या समोर मी वाटेल ते बोललो, साहेबांची थट्टा केली, कार्यक्रम मोडला. आपलाच समजून पदरात घ्या.

दादा, फोन ठेवू नकोस. वहिनी निघाल्यात. इंजिनिअरला घराबाहेर घे, आणि तूही बाहेर ये. नाही, आत थांबू नकोस, फळ्या राहू दे तशाच. त्या छताखालून बाहेर ये आणि अंगणात उभा राहा. आम्ही सगळे येतोय.