केबलनं वाकायचं

नाही हो काकू, नुसता कॅमेरा नाही तो. स्कॅनर म्हणतात त्याला. स्टँडवर बसवायचा, बटण दाबायचं, की हा स्वतःभोवती सावकाश गिरकी घेतो आणि खोलीतली प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते लेझरनं मोजतो — भिंत, खिडकी, ती दारामागची खुंटी, सगळं. थोडा वेळ लागेल, फार नाही. आणि खोली मला पसंत आहे हं, अगदी पसंत आहे, एकटीला पुरून उरेल — संध्याकाळी ते दुसरं कुटुंब येणार म्हणालात ना, त्यांना सरळ कळवून टाका, गेली म्हणून. किल्ली? असू दे तुमच्या हातात, घेते ना, पळून का चाललेय — म्हणजे पळूनच चाललेय तसं पाहिलं तर — जाऊ दे. आधी हे होऊ दे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, जित्याची खोड आहे ती.

तुम्ही जरा बाहेर थांबाल? का म्हणजे, माणसं मध्ये आली की कचरा होतो. अहो, तुम्हाला नाही म्हणत कचरा! आमच्यात तसंच बोलतात. स्कॅन चालू असताना कुणी मधून चालत गेलं की त्याचा माणूस उमटत नाही, नुसता धूर उमटतो, ओढत नेल्यासारखा, आणि मग तो बसून पुसावा लागतो. नोकरीला लागले तेव्हा पहिली कितीतरी वर्षं मी तेच केलं. माणसं पुसली. गुडघे दुखतायत? मग राहा तिथेच खिडकीपाशी, कठड्याला टेकून, पण हलायचं नाही. बोलेन मी, तुम्ही फक्त हलू नका. श्वास घ्या की, श्वासाला काय होतंय! हां, असं. लावलं बघा.

कामाला ना, डेटा सेंटरच्या इमारती करतो आम्ही. डेटा सेंटर म्हणजे — तुमच्या नातवाचे फोटो फोनमध्ये बघता ना, ते काही फोनच्या पोटात नसतात सगळे, असल्या इमारतींमध्ये ठेवलेले असतात. ओळीनं कपाटं, कपाटांत मशिनं, मशिनं तापतात म्हणून गार हवा, गार पाण्याचे हे एवढाले पाइप. खिडकी म्हणून नाही एकसुद्धा. आत जायला दोन दारं, आणि पहिलं पाठीमागे बंद झाल्याशिवाय पुढचं उघडतच नाही — मधल्या त्या खोक्यात मिनिटभर उभं राहायचं, ना इकडे ना तिकडे. इतर लोकांना गुदमरतं तिथे. मला? मला बरं वाटायचं हो. हसू नका. तेवढं मिनिटभर कुणी हाक मारू शकत नाही ना.

तर जुनी इमारत असली की आधी ती अशी स्कॅन करायची, कारण कागदावर असतं एक आणि छताला लटकत असतं भलतंच. मग त्या मापांवर कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी करायची, मॉडेल, आणि नवीन जे काय घालायचं ते आधी त्यात घालून बघायचं. पाणी एक माणूस बघतो, वीज आणि केबल दुसरा. केबल मी. पाणी कोण? ओळखा! आमचेच हे. एकाच ऑफिसात, आणि आता दोघंही घरून, एकाच टेबलावर, हा त्या बाजूला, मी या बाजूला. सोमवारी त्याचं मॉडेल माझ्या मॉडेलवर ठेवतात, आणि जिथे त्याचा पाइप माझ्या केबलच्या ट्रेमधून, म्हणजे केबल ज्यात ठेवतात त्या पन्हळीतून, आरपार गेलेला असतो तिथे लाल दिसतं. टक्कर. सगळ्यांसमोर हो, मीटिंगमध्ये! पोरं तर गालातल्या गालात हसतात, ‘वहिनी, आज किती टकरा?’

आणि टक्कर झाली की सरकायचं कुणी, ते ठरलेलं आहे. मी नाही ठरवलं, कामाचा नियमच आहे. पाइप जाडजूड, त्याला वळवायचं तर सांधे आले, खर्च आला. केबल काय, मऊ. म्हणून केबलनं वाकायचं. वरून, खालून, बाजूनं, कुठूनही जा, पण पाइपला हात लावायचा नाही. बरोबरच आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण काकू, लॅपटॉप मिटला तरी तो नियम काही मिटत नाही ना! मला साइटवरच्या टीमची प्रमुख करणार होते मागच्या महिन्यात. यानं साहेबांना परस्पर सांगून टाकलं — तिला नाही जमायचं, तिची दगदग होते. मला जेवताना म्हणाला, तुझाच त्रास वाचवला. आणि वाढ म्हणाला, भाजी वाढ. मी वाढली. वाढली ना! तेच तर. आईला सांगितलं तर आई म्हणते, अगं, थोडं वाकावं, वाकलं की मोडत नाही माणूस. आईला काय सांगू, आमच्याकडे काचेच्या तारेची केबल असते, तिला वाकायची हद्द असते. त्यापुढे वाकवली तर वरून काही दिसत नाही, आवरण छान गुळगुळीत, आणि आत तडकलेली. मऊ लागलं म्हणून किती कोपरानं खणाल?

मारतो? छे छे! नाही हो, काहीतरीच काय! पीत नाही, ओरडत नाही, नाकासमोर चालणारा माणूस. चहा करतो माझ्यासाठी. तीच तर पंचाईत आहे, सांगायला गेलं तर काही सांगण्यासारखं नाही. आमच्यात ना, आणखी एक टक्कर असते. दोन वस्तू एकमेकींना लागतसुद्धा नाहीत, पण मध्ये इतकी कमी जागा की उद्या काही बिघडलं तर दुरुस्तीला हात जाणार नाही. कॉम्प्युटर तीसुद्धा लाल दाखवतो. मला त्या टेबलावरून उठायचं झालं तर त्याला खुर्ची सरकवावी लागते. मग विचारतो, कुठे निघालीस? गोडच विचारतो. दरवेळी विचारतो. पाणी प्यायला निघाले तरी विचारतो. मला जीव नकोसा होतो काकू, खरंच सांगते, कधीकधी मी तहान दाबून बसते.

एक मिनिट हं. त्याचाच फोन. — हां, बोल. साइटवर आहे. — अरे, मशिनच्या आवाजापासून लांब आलेय, म्हणून शांत वाटतंय. — कुठला पाइप? पण तो ट्रे मी कालच हलवला, तूच म्हणालास की — हो. हो रे, माहितेय. पाइप नाही वाकत. — बरं. वाकवते. नाही, चिडले नाही. आले, तासाभरात आले. — हो, दही आणते.

झालं बघा, स्कॅनही थांबला. छान आलंय. सगळी खोली आली.

नको, किल्ली नको काकू. ते लोक येतायत ना संध्याकाळी, त्यांना द्या. नाही हो, खोलीत काय खोट असणार! मला माप हवं होतं, ते मिळालं. अशा बऱ्याच आहेत माझ्याकडे. खोल्या. गल्लीतली वरच्या मजल्यावरची एक, दवाखान्यामागची एक, एक तर निव्वळ पोटमाळा. सगळ्यांची मॉडेलं केलीत मी, लॅपटॉपवर, कामाच्याच फाइलींत ठेवते, त्याला वाटतं काम करतेय. तो समोरच बसलेला असतो. मी इकडे खिडकीपाशी खुर्ची ठेवते, पडदा लावते, जरा वेळ बसते, मग दुसऱ्या खोलीत जाते. रागावलात? रागवा, तुमचा वेळ घेतला मी, थापा मारल्या. पण आज घेणार होते हो. आज खरंच घेणार होते, पिशवीत दोन साड्या आहेत, बघा हवं तर.

काय म्हणालात? त्या खोल्यांमध्ये मी कुठे असते? मी कुठली असायला! माणसं पुसावी लागतात, सांगितलं ना.

हे बघा स्क्रीनवर, ह्या तुम्ही. कठड्याला टेकलेल्या, हातात किल्ली पुढे धरलेली. हललाच नाहीत की तुम्ही, नाकडोळेसुद्धा आलेत. नाही, तुम्हाला नाही पुसणार. राहा तिथे. कुणीतरी असू दे आत. बरं, तो स्टँड द्या इकडे, तिरका करा, दाराला लागेल — निघते मी. नाही, खाली नका येऊ. दही मिळेल ना कोपऱ्यावर?